नाहीची वेलांटी

खिळेकाकांनी अडतीस वर्षं खिळे जुळवले. भिंतीत ठोकायचे खिळे नव्हेत, छापखान्यातले. शिशाचा एक बारीक तुकडा, त्याच्या टोकाला एक अक्षर, तेही उलटं. असे तुकडे लाकडी खणांतून एकेक उचलायचे, हातातल्या पट्टीत ओळीनं बसवायचे, आणि शाई लावून कागदावर दाबले की मजकूर सुलटा उमटायचा. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, प्रश्नपत्रिका, निधनाच्या बातम्या. शहरातल्या निम्म्या लोकांची लग्नं काकांनी आधी उलटी वाचली होती.

उलटं वाचता येणं हीच त्या धंद्यातली पदवी. नवा माणूस आला की मालक जुळवलेला मजकूर त्याच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच." जो अडखळला तो पाकिटं चिकटवायला गेला. काका पहिल्याच दिवशी घडाघडा वाचत सुटले होते. पुढे सवय इतकी मुरली की दुकानात बसून काचेवरचं नाव आतून वाचलं तरी ते उलटं आहे हे त्यांच्या ध्यानात यायचं नाही.

बोलायचं मात्र त्यांच्या जिवावर यायचं. आयुष्यभर एकेक अक्षर हातानं उचललेल्या माणसाला वायफळ बोलणं जड जातं, असं लोक म्हणत. काकू म्हणत, "लग्नाच्या आधीपासून घुमेच आहेत. खिळ्यांवर कशाला ढकलता?"

मग छापखान्यात कॉम्प्युटर आले. दोन टेबलांवर दोन. खिळे वजन करून भंगारात गेले. लाकडी खण मालकांनी स्क्रू ठेवायला घरी नेले. काकांना एक छत्री आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्यानंतर कॉम्प्युटरच्या दुकानावरून जायची वेळ आली की काका रस्ता ओलांडत.

आणि आता तोच त्यांच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसला होता.

तो आणवला छकुलीनं. छकुली म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. वय वर्षं एकतीस. दीड दिवसाच्या प्रवासावरच्या एका शहरात, मोठ्या इस्पितळात ती नर्स होती. चार वर्षं ती दर रविवारी फोन करत होती. फोन काकांनी उचलला तर बोलणं एवढंच व्हायचं:

"बाबा, कसे आहात?"

"बरा. आईला देतो."

एका रविवारी तिनं आईला सांगितलं, की तिला लग्न करायचं आहे. मुलगा त्याच इस्पितळातला. काकूंनी विचारलं, डॉक्टर का. छकुली म्हणाली, ड्रायव्हर. रुग्णवाहिका चालवतो. वय एकोणचाळीस. एकदा लग्न होऊन मोडलेलं.

काकूंनी रिसीव्हरवर हात दाबला आणि हे सगळं काकांना सांगितलं. काका भाजी निवडत होते. ते निवडत राहिले.

"अहो, काय सांगू तिला?"

"काय सांगायचं."

हे उत्तर होतं की प्रश्न, हे काकूंना इतक्या वर्षांच्या संसारात कधीच कळलं नव्हतं.

छकुलीला मात्र उत्तर हवं होतं. "आई, तुझं मला माहीत आहे. तू माझं विजेच्या खांबाशीही लावून देशील. बाबांचं हवंय. ते हो म्हणाले तर करीन, नाही म्हणाले तर नाही. पण त्यांनी त्याला बघायचं आणि मग सांगायचं."

"अगं, फोन घ्या म्हटलं की ते मलाच देतात."

"म्हणून तर कॉम्प्युटर घ्यायला सांगतेय. त्यात तोंड दिसतं. ते तुला देता येणार नाही."

काकूंनी हे शब्दाला शब्द काकांपर्यंत पोचवलं आणि पदरचं एक वाक्य जोडलं. "पोरगी तुमच्यावर गेलीय. नाही म्हणालात तर खरंच करायची नाही. बघा बुवा."

काकांचं बघून झालं होतं. त्यांना मुलगा ड्रायव्हर असल्याचं काही नव्हतं. त्यांचा आक्षेप मोडलेल्या लग्नाला होता. ज्याचं एकदा चुकलं त्याचं पुन्हा चुकतं, असं त्यांचं छापखान्यातलं मत होतं. शिकाऊ माणसं त्यांनी त्याच मापानं मोजली होती. पण हे त्यांनी काकूंना सांगितलं नाही. विचारलं कुणी होतं?

त्यांच्याच इमारतीत तळमजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. क्लासच्या बाईंनी एक जुनं यंत्र स्वस्तात मिळवून दिलं आणि तीन संध्याकाळी वर येऊन शिकवलं. बाई कडक होत्या. माणूस साठीचा असो की सहावीतला, त्यांचा आवाज बदलत नसे.

"माउस दाबून धरू नका. टिचकी मारा. तो मरत नाही."

सामान बरंच होतं. पडद्यावर बसवायचा एक गोल कॅमेरा, अंड्याएवढा, मानेवर डुगडुगणारा. कानाला लावायचे हेडफोन, त्यालाच तोंडापुढे येणारा काडीवरचा माइक, आणि तिकडचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून दोन स्पीकर. फोनच्या तारेला एक फाटा काढला, तो यंत्राला जोडलेल्या एका पेटीत गेला. "इंटरनेट चालू असेपर्यंत फोन बंद," बाईंनी बजावलं. "तिकडून कुणी लावला तर एंगेज लागेल. आणि मध्येच कुणी रिसीव्हर उचलला तर इंटरनेट तुटेल. कळलं?" हे त्या काकूंकडे बघून म्हणाल्या.

मग तोंड बघत बोलायच्या सेवेचं सदस्य व्हायचं होतं. यंत्रानं नाव मागितलं. काकांनी स्वतःचं नाव एका बोटानं, एकेक अक्षर शोधत जुळवलं. यंत्र म्हणालं, हे नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं आहे.

"कुणी?" काकांनी विचारलं.

"असेल कुणीतरी. पुढे आकडा लावा."

"नाव माझं आहे."

"सगळ्यांचीच असतात. आकडा लावा."

काकांनी अडतीस लावला.

नावापुढे एक हिरवा ठिपका उगवला. ठिपका हिरवा म्हणजे माणूस हजर, राखाडी म्हणजे नाही, असं बाईंनी समजावलं. काकांनी ते फारच मनावर घेतलं. ठिपका हिरवा असेपर्यंत ते खुर्ची सोडत नसत. काकू जेवायला हाका मारायच्या, काका बसल्या जागेवरून म्हणायचे, "हिरवा आहे मी."

आवाज तपासायला यंत्रात एक बाई होती. तिला फोन लावायचा, शिट्टी वाजली की बोलायचं, आणि मग ती तुमचंच बोलणं तुम्हाला ऐकवायची. काका शिट्टीनंतर "नमस्कार" म्हणाले आणि उत्तराची वाट बघत थांबले. दहा सेकंदांनी कुणीतरी खोल, घोगऱ्या आवाजात त्यांना नमस्कार केला.

"हा कोण?"

"तुम्हीच," क्लासच्या बाई म्हणाल्या.

"एवढा म्हातारा?"

"आम्ही रोज ऐकतो," काकू म्हणाल्या. मग त्यांनीही बोलून बघितलं. त्यांना दहा सेकंद पुरले नाहीत. वाक्य अर्ध्यात तोडलं म्हणून त्या चाचणीच्या बाईवर रागावल्या.

आणखी एक गोष्ट काकांनी मनात टिपून ठेवली. पडद्याच्या कोपऱ्यात एका लहान चौकटीत स्वतःचं चित्र दिसायचं. काकांनी उजवा हात वर केला, की चौकटीतला म्हातारा त्याच बाजूचा हात वर करायचा. आरशासारखा. म्हणजे पलीकडे छापून असं निघतं तर, काका मनाशी म्हणाले.

रविवारी दुपारी चारची वेळ ठरली होती. काका साडेतीनला इस्त्रीचा शर्ट घालून, हिरवे होऊन बसले. काकूंनी सकाळपासून टेबल, पडदा, कॅमेरा, तारा सगळं ओल्या फडक्यानं पुसून लख्ख केलं होतं. काकांच्या मांडीवर जुन्या कॅलेंडरचं एक पान पालथं होतं. तोंडानं सांगायची वेळ आली तर ऐनवेळी गडबड नको, म्हणून त्यांनी उत्तर सकाळीच त्यावर लिहून ठेवलं होतं. तीन शब्द. वाचून दाखवलं की काम झालं.

चार वाजून पाच मिनिटांनी यंत्र वाजू लागलं. काकांनी टिचकी मारली. पडद्यावर आधी काळोख, मग चौकोन चौकोन, मग त्या चौकोनांची छकुली झाली.

"बाबा. दिसतेय का मी?"

"दिसतेयस," काका म्हणाले.

"बाबा?"

"अगं दिसतेयस," काकू म्हणाल्या. "वाळलीस किती. केस का कापलेस? मागे तो कोण हलतोय, तोच का? पुढे बोलाव की त्याला. पाणी तरी दिलंस का?"

"आई, तुझे ओठ हलतायत. आवाज येत नाहीये."

काकूंनी आवाज चढवला. तो तळमजल्यापर्यंत गेला. छकुलीपर्यंत गेला नाही. पाचएक मिनिटं हेच चाललं. तिचा इकडे येत होता, इकडचा तिकडे जात नव्हता. काकूंना आयुष्यात पहिल्यांदाच असा श्रोता मिळाला होता आणि त्यांना ते सोसत नव्हतं.

"जाऊ दे," छकुली म्हणाली. "लिहून दाखवा. बाबा, तुमच्याकडे कागद आहे ना? ऐका. हा इथे बसलाय. मी त्याला लांब बसवलंय, आधी माझं बोलणं होऊ दे म्हणून. उद्या आम्हाला नोंदणीच्या कचेरीत तारीख द्यायचीय. द्यायची का नाही, एवढं सांगा."

काकांनी मांडीवरचा कागद उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. धरता धरता त्यांची नजर कोपऱ्यातल्या चौकटीवर गेली. चौकटीत मजकूर उलटा उमटला होता.

त्यांनी कागद झटकन खाली घेतला. पलीकडे चित्र तेवढ्यात अडकलं होतं, छकुलीला नुसता पांढरा ढग दिसला.

इथे दुसरा कुणी असता तर गोंधळला असता. काका गोंधळले नाहीत. हा तर रोजचाच व्यवहार होता. चौकटीत दिसतो तो छाप, हातात आहे तो खिळा. छाप उलटा आला म्हणजे खिळा सुलटा बसलाय. मग खिळा उलटा बसवायचा. त्यांनी नवं पान घेतलं, जाड पेन उघडलं, आणि अक्षरं डोक्यावर उभी करून लिहायला सुरुवात केली. रेघ खाली, अक्षरं तिच्यावर पाय वर करून. लिहून झाल्यावर पान गर्रकन फिरवलं. उजवीकडून डावीकडे, आरशातल्यासारखा मजकूर तयार. अर्धं मिनिटही लागलं नाही.

त्यांनी पान वर धरलं. चौकटीत सुरेख, सुलटं, ठसठशीत उमटलं. मागून काकूंनी ते वाचलं.

मुलगा पसंत नाही.

"अहो," काकू म्हणाल्या. "हे लिहिलंत तुम्ही?"

काकांनी मान डोलावली.

"तोंडसुद्धा बघितलं नाहीत त्याचं."

"बाबा," पडद्यातून छकुली म्हणाली, "काहीतरी उलटं आहे हो. वाचता येत नाहीये."

काकांनी चौकटीकडे बघितलं. सुलटं होतं. त्यांनी बोटानं कागदावर ठकठक केलं, म्हणजे नीट बघ.

"बघतेय मी. उलटं आहे. आई काय म्हणतेय? आई, तू का कपाळाला हात लावलास?"

"उलटंच राहू दे ग बाई," काकू म्हणाल्या. ते कुणालाच ऐकू गेलं नाही.

काकांचा हात ढळेना. मजकूर बरोबर होता, छाप बरोबर होता, आणि वाचणाऱ्याला वाचता येत नसेल तर तो जुळवणाऱ्याचा दोष नव्हे. छकुली लहानपणी छापखान्यात यायची. काकांनी तिला उलटं वाचायला शिकवायचा दोनतीनदा प्रयत्न केला होता. तिला पाकिटं चिकटवायला आवडायचं.

तेवढ्यात तिच्या मागून एक माणूस पुढे वाकला. रुंद चेहरा, कानावरचे केस पिकलेले, अंगात निळा गणवेश.

"मी वाचू का?" तो म्हणाला.

"तुला काय वाचता येणार आहे?" छकुली म्हणाली. "उलटं आहे ते."

"बघतो तर खरं." त्यानं डोळे बारीक केले. "मुलगा," तो म्हणाला. मग, "पसंत." मग, तेवढ्याच आवाजात, "नाही."

दोन्हीकडे शांतता झाली. इकडची तशीही ऐकू जात नव्हती.

"नीट वाचलंस ना?" छकुलीनं विचारलं. तिचा आवाज बदलला होता.

"लिहिलंय तेच वाचलं."

तो थोडा आणखी पुढे सरकला. आता पडद्यावर तोच जास्त होता. "काका," तो म्हणाला, "एक सांगू का? राग मानू नका. 'नाही'ची वेलांटी पहिली झालीय. दुसरी पाहिजे."

काकांनी पान स्वतःकडे वळवलं.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, दुसरी नंतर, हे शाळेतलं पोरही सांगेल. उलट्या मजकुरात बाजू बदलतात. काका सगळं उलटं लिहीत गेले आणि शेवटच्या अक्षरापाशी त्यांच्या हातानं वेलांटी आणखी एकदा उलटवली. खिळ्यात वेलांटी तयार यायची, अडतीस वर्षांत ती कधी हातानं काढावी लागली नव्हती. नाहि. कागदावर तेच होतं. चौकटीतही तेच उमटलं होतं आणि काकांनी ते बघून मान्य केलं होतं. काकूंनीही वाचलं होतं, पण त्यांचं लक्ष वेलांटीकडे नव्हतं.

छापखान्यात त्यांची चूक काढणारा एकच माणूस होता, म्हातारा मुद्रितशोधक, आणि तोही कागदावर छाप काढून, भिंग लावून बघायचा. खिळ्यांवरून थेट चूक त्यानंही कधी पकडली नव्हती.

त्यांनी नवं पान घेतलं. पुन्हा अक्षरं डोक्यावर उभी केली. या वेळी हळू. पान वर धरलं.

"उलटं वाचायला कुठे शिकलात," ड्रायव्हरनं वाचलं. "शिकलो नाही काका. आमच्या गाडीच्या तोंडावर 'रुग्णवाहिका' उलटं लिहिलेलं असतं. पुढच्या गाडीवाल्याला त्याच्या आरशात सुलटं दिसावं म्हणून. रंग उडाला होता, रंगारी येईना, म्हटलं आपणच रंगवू. तीनदा रंगवलं. दर वेळी 'हि'ची वेलांटी पलीकडे जायची. रुग्णवाहीका. पुढच्या लोकांना कळायचं नाही, पण मला झोप यायची नाही. तेव्हापासून 'ह' दिसला की नजर आधी वेलांटीवर जाते."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," छकुली म्हणाली.

"तू कधी विचारलं नाहीस."

काका लिहीत होते. या पानावर शब्द नव्हते, नुसती जोडाक्षरं आणि फसवी अक्षरं होती, छापखान्यात शिकाऊ माणसाला देत तशी. अवघडात अवघड. ड्रायव्हर वाचत गेला. क्ष. ज्ञ. द्ध. ष्ट्य. एकदा थांबला. "ध," तो म्हणाला. मग, "नाही. घ. चित्र हलतंय." काकांनी पान स्थिर धरलं. "घच."

काकांनी पुढचं पान घेतलं.

"तुमची परीक्षा झाली," छकुली म्हणाली, "की माझ्याकडे जरा बघा कुणीतरी. मघाशी लिहिलंत ते मी वाचलेलं नसलं तरी ऐकलंय."

काकांनी ऐकलं नाही. ते 'ङ' काढत होते. काकूंनी मात्र ऐकलं. पोरीचा चेहरा त्यांना चौकोनांतूनही कळत होता. आवाजाचं काहीतरी करायला हवं, हे एवढंच त्यांच्या डोक्यात आलं. क्लासच्या बाईंना बोलवावं म्हणून त्यांनी आतल्या खोलीत जाऊन फोनचा रिसीव्हर उचलला.

पडदा काळा झाला. छकुलीच्या नावापुढचा ठिपका राखाडी झाला.

काका पेन हातात धरून बसले होते. "काय केलंस?"

"बाईंना फोन लावत होते."

"त्या खाली आहेत. हाक मारली तरी येतील."

हे खरं होतं. काकूंनी जिन्यात जाऊन हाक मारली. तेवढ्यात फोन वाजला. काकू पळत आत आल्या.

"आई, बाबांनी बंद केलं ना?" छकुली म्हणाली. अगदी शांतपणे, इस्पितळात नातेवाइकांशी बोलतात तशी. "असू दे. मी विचारलं होतं, त्यांनी सांगितलं. मी याला तसं सांगते. त्याची ड्युटी आहे साडेपाचला, तो निघेल आता."

"अगं बंद नाही केलं, मी रिसीव्हर... थांब. अहो, घ्या. बोला तिच्याशी. मला परत देऊ नका."

काकांनी रिसीव्हर कानाला लावला. फोन चालू असेपर्यंत इंटरनेट जोडता येणार नव्हतं. हे त्यांना स्पष्ट दिसत होतं.

"ठेव," ते म्हणाले.

"बाबा?"

"ठेव फोन. आणि हिरवी हो." त्यांनी रिसीव्हर ठेवला.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "हे बोलणं झालं?"

"लाइन मोकळी नको?"

"तिला काय वाटलं असेल?"

काकांनी यावर विचार केला असावा. ते यंत्रापुढे जाऊन बसले. पेटीनं खरखर केली, शिट्ट्या मारल्या आणि गप्प झाली. पुन्हा टिचकी. पुन्हा खरखर. पहिला प्रयत्न वाया गेला, दुसरा गेला. काकू मागे उभ्या होत्या.

"आता पुन्हा तेच लिहून दाखवणार आहात का?"

काका पडद्याकडेच बघत म्हणाले, "स्वतःच्या विरुद्धचा मजकूर वाचला त्यानं. एक अक्षर गाळलं नाही."

"मग?"

"मी असतो तर शेवटचा शब्द वाचता येत नाही म्हणालो असतो."

काकूंनी खुर्चीची पाठ धरली. एवढी दोन वाक्यं सलग ऐकायची त्यांना सवय नव्हती.

क्लासच्या बाई वर आल्या. त्यांनी हेडफोनची तार हातात घेतली, टोकापासून टोकापर्यंत चाचपली आणि मध्यावरचं एक बारीकसं बटण अंगठ्यानं वर सरकवलं. "माइक बंद होता. परवा चालू करून दिला होता मी. तार कुणी पुसली?"

काकू खिडकीतून बाहेर बघू लागल्या.

चौथ्या प्रयत्नाला पेटीची शिट्टी लांबत गेली आणि जुळली. काकांच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. छकुलीचा राखाडीच होता. काका बसून राहिले. पाच मिनिटं. दहा. तिनं फोन ठेवला होता, पण त्याचा अर्थ काय लावला होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. सव्वापाच झाले. ड्रायव्हरची ड्युटी साडेपाचला होती.

बाई म्हणाल्या, "मी जाऊ का?"

"थांबा," काका म्हणाले. आवाज चाचणीतल्या म्हाताऱ्यासारखा झाला होता.

पाच वाजून अठरा मिनिटांनी ठिपका हिरवा झाला. या वेळी काकांनी वाट बघितली नाही, स्वतः टिचकी मारली. चौकोनांतून छकुली आली. डोळे धुतलेले दिसत होते. ड्रायव्हर मागे उभा होता. गाडीची किल्ली त्याच्या हातात होती.

"बोला," छकुली म्हणाली. "म्हणजे दाखवा."

काकांनी वेलांटी चुकलेलं पान शोधलं. ते टेबलाखाली गेलं होतं. त्यांनी खिशातली लाल पेन्सिल काढली. मुद्रितात चुकीचा शब्द खोडतात तसा शेवटचा शब्द एका आडव्या रेघेनं खोडला, आणि कडेला शब्द वगळायच्या खुणेचा आकडा काढला. मग पान वर धरलं. उलटंच होतं. आता सुलटं करायची गरजही नव्हती.

ड्रायव्हर वाकला. "मुलगा पसंत," त्यानं वाचलं. मग थांबला. "पुढचं खोडलंय."

छकुली पडद्याच्या इतकी जवळ आली की नुसतं कपाळ दिसायला लागलं. "खोडलंय की चित्र खराब आहे?"

"खोडलंय," काका म्हणाले.

कपाळ हललं नाही. "बाबा, तुमचा आवाज आला."

"हं."

"मग तोंडानं सांगा की."

"लिहिलंय ना."

"तोंडानं."

काकांनी माइकची काडी जवळ ओढली. क्लासच्या बाईंनी शिकवलं होतं तसं, फार जवळ नाही. "मुलगा पसंत आहे," ते म्हणाले.

काकू खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. त्यांनी ती सोडली आणि पुन्हा धरली. बाई दाराशी पायताण घालत होत्या, त्या तशाच थांबल्या.

छकुली मागे सरकली. तिचा चेहरा पुरता दिसायला लागला. ती हसत नव्हती. "का खोडलंत?"

"शब्द चुकला होता. चुकीचा ठेवता येत नाही."

"वेलांटीसाठी?"

"हो."

"आणि वेलांटी बरोबर असती तर?"

काकांनी खोटं बोलायचं ठरवलं असतं तर ही वेळ चांगली होती. "तर तो शब्द तसाच राहिला असता," ते म्हणाले.

ड्रायव्हर हसला. आधी नाकातून, मग मोकळा. छकुलीनं मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग समोर काकांकडे बघितलं, आणि दोघांपैकी जास्त कुणाचा राग यावा हे तिला ठरवता आलं नाही.

"मी निघतो," ड्रायव्हर म्हणाला. "काका, येतो. काकू, आता तुम्ही बोला, आवाज जातोय."

काकूंनी तोंड उघडलं, पण काकांनी हात वर केला. इतक्या वर्षांत त्यांनी काकूंना बोलताना थांबवलं नव्हतं. त्या थांबल्या.

"उद्या कचेरीत फॉर्म भरायचा असेल," काका म्हणाले.

"हो," छकुली म्हणाली. "दोघांची नावं, पत्ते, सगळं. का?"

"तू भरू नकोस. त्याला भरू दे."